पॉलिॲनिलिन-मॅग्नेटाइटची पूड चुंबकाला का चिकटत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही तपासता येईल. बेळगावात एम.एस्सी.चा प्रकल्प, विषय पॉलिॲनिलिन (वीज वाहणारं पॉलिमर) आणि मॅग्नेटाइट (चुंबकीय आयर्न ऑक्साइड) यांचं नॅनोकंपोझिट, म्हणजे पॉलिमरमध्ये अतिसूक्ष्म कण बसवलेला पदार्थ. मॅग्नेटाइट को-प्रेसिपिटेशनने (लोखंडाचे दोन क्षार एकाच द्रावणातून एकत्र साक्यात बसवून) स्वतःच केलं. मग १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ॲनिलिन, त्यात १०, २० आणि ३० टक्के मॅग्नेटाइट, वरून थेंबथेंब अमोनियम परसल्फेट (ॲनिलिनच्या साखळ्या जोडणारा ऑक्सिडायझर), मॅग्नेटिक स्टररवर रात्रभर ढवळण, सकाळी गाळून भरपूर पाण्याने धुणं. हिरवी पूड मिळाली, पण चुंबक जवळ नेला तर जेमतेम हलते. व्हीएसएममध्ये (चुंबकन मोजणाऱ्या यंत्रात) तिन्ही नमुने १ ते २ इएमयू (चुंबकनाचं एकक) प्रति ग्रॅम, त्यातही चढता क्रम नाही. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) रुंद फुगवटा आणि ३५ अंशांजवळ एक बारीकसं टोक. वाहकता शुद्ध पॉलिॲनिलिनच्या शंभराव्या भागावर आली. व्हीएसएम चुकलं की कण खराब होते, असं तुम्ही विचारताय.

दोन्ही नाही. कण गेलेत, आणि दोन वाटांनी गेलेत: थोडे स्टरर बारला चिकटून राहिले, उरलेले बरेचसे सकाळी सिंकमध्ये ओतलेल्या पिवळसर पाण्यातून गेले. म्हणजे खरा प्रश्न मोजमापाचा नाही. पॉलिॲनिलिनला वाहक व्हायला जे ॲसिड लागतं, तेच ॲसिड मॅग्नेटाइट खातं. या दोघांना एका भांड्यात नांदवायचं असेल तर तडजोड करावी लागते, आणि ती कुठे केली हे शेवटी आकड्यांनी दाखवावं लागतं.

हिशेब मांडून बघा. मॅग्नेटाइटचा एक मोल विरघळायला आठ मोल हायड्रोजन आयन लागतात. १ मोलर ॲसिडच्या १०० मिलीत १०० मिलीमोल आयन असतात. तेवढे आयन जवळजवळ २.९ ग्रॅम मॅग्नेटाइट संपवू शकतात. तुम्ही घातलं असेल पाव ते अर्धा ग्रॅम. बाजारातल्या मोठ्या दाण्याच्या मॅग्नेटाइटला ॲसिडमध्ये विरघळायला वेळ लागतो, पण १० नॅनोमीटरच्या कणाला पृष्ठभागच पृष्ठभाग. खोलीच्या तापमानाला एक रात्र त्याला पुरून उरते.

आता यातली कमी माहीत असलेली गोष्ट. तुम्ही ॲसिड अजिबात घातलं नाही तरी ते भांड्यात तयार होतंच. ॲनिलिनच्या चार रेणूंना परसल्फेटचे पाच रेणू लागतात आणि त्या पाचांचं शेवटी सल्फ्युरिक ॲसिड व अमोनियम सल्फेट होतं. २० मिलीमोल ॲनिलिन हायड्रोक्लोराइड आणि २५ मिलीमोल परसल्फेट १०० मिलीत घेतलं, तर प्रक्रिया संपेपर्यंत कागदावर ०.६ मोलरच्या आसपास नवं ॲसिड जमा झालेलं असतं. पीएच एकच्या खाली जातो. त्यामुळे ‘मी सौम्य ॲसिड वापरलं, म्हणजे कण सुरक्षित’ हे अर्धंच खरं. सुरुवातीचं ॲसिड तुमच्या हातात आहे, शेवटचं नाही. शेवटच्या ॲसिडवर उपाय एकच: त्यात कण कमी वेळ आणि थंडीत ठेवणं. पीएच मुद्दाम वर धरून ठेवायचा मोह होतो, तो आवरा. साधारण अडीचच्या वर ॲनिलिनपासून लांब साखळ्या होत नाहीत, तपकिरी रंगाचे आखूड तुकडे होतात, आणि त्यांच्यातून वीज वाहत नाही.

परसल्फेटचा दुसरा उपद्रव म्हणजे तो मॅग्नेटाइटमधल्या फेरस आयनांनाही ऑक्सिडाइज करतो. विरघळला नाही तो कणही बाहेरून, आणि लहान असेल तर आतपर्यंत, मॅगेमाइट (लोखंड सगळं फेरिक असलेलं ऑक्साइड) होतो. मॅगेमाइटही चुंबकीयच, पण थोडं कमजोर: मोठ्या दाण्याच्या मॅग्नेटाइटचं संपृक्त (जास्तीत जास्त) चुंबकन ९२ इएमयू प्रति ग्रॅमच्या जवळ, मॅगेमाइटचं ७५ च्या आसपास. यात तुमची चूक म्हणता येणार नाही, पण प्रबंधात ‘शुद्ध मॅग्नेटाइट’ असं ठामपणे लिहू नका.

पुन्हा बॅच लावण्याआधी अर्ध्या दिवसाची एक चाचणी करा. पाच छोट्या बाटल्यांत प्रत्येकी ५० मिलिग्रॅम कण आणि १० मिली द्रव: १ मोलर हायड्रोक्लोरिक, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक, ०.२ मोलर पॅरा-टोल्युईन सल्फोनिक ॲसिड, तेच ॲसिड अधिक परसल्फेट, आणि पाचवीत नुसतं पाणी. असाच दुसरा संच बर्फात. दर अर्ध्या तासाने बाटली चुंबकावर ठेवून वरचं निवळ घ्या, त्यात परसल्फेट नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाका, मग पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब. रक्तासारखा लाल रंग आला की लोखंड पाण्यात उतरलंय. हे रसायन प्रत्येक इनऑरगॅनिक लॅबच्या कपाटात असतं. व्हीएसएमचे पैसे भरण्याआधी ही दहा बाटल्यांची रांग तुम्हाला निम्मं उत्तर देऊन जाते, आणि प्रबंधात तिचा फोटोही शोभतो.

मी कसं करतो ते आता सांगतो. प्रमाणं तुमच्या भांड्याच्या मापाने बदला, गुणोत्तरं बदलू नका.

आधी कण. १०० मिली डिस्टिल्ड पाणी उकळून, नायट्रोजनचे बुडबुडे सोडत थंड करा. त्यात फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम आणि फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट २.७८ ग्रॅम, म्हणजे २० आणि १० मिलीमोल. फेरस सल्फेट फिकट हिरवं हवं. बाटलीत पिवळट तपकिरी थर दिसत असेल तर ते आधीच फेरिक झालंय, आणि तुमचं दोनास एक हे प्रमाण तिथेच बिघडलं. बेळगावच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली महिनाभरात असं रूप दाखवते. द्रावण ७० अंशांवर नेऊन जोरात ढवळत २५ टक्क्यांचा अमोनिया १५ मिली एकदम ओता. हिशेबाने सहा मिली पुरतो, बाकीचा जास्तीचा. क्षणात काळं झालं पाहिजे. तपकिरी छटा आली तर हवा आत शिरतेय किंवा फेरस कमी आहे. अर्धा तास ढवळा. सगळं जमलं तर २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट होतं.

ढवळायला मॅग्नेटिक स्टरर नको. बार कण ओढून धरतो, आणि तुम्ही वजन करून घातलेल्या कणांतले किती द्रावणात राहिले हे कळायला मार्ग उरत नाही. वरून ढवळणारी मोटर हवी. पातं विकत मिळालं नाही तर उद्यमबागेत लेथवाल्याकडे टेफ्लॉनचा तुकडा दिला की अर्ध्या तासात करून देतो. दांडा काचेचा ठेवा, लोखंडी नको. करंट जाण्याची भीती असेल तर मोटर इन्व्हर्टरवर घ्या, कारण परसल्फेट पडत असताना ढवळण थांबलं की जागच्या जागी गुठळी होते आणि ती पुन्हा सुटत नाही.

कण चुंबकाने खाली बसवून तीनदा पाण्याने धुवा. मग ८० मिली पाण्यात घेऊन १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला, अमोनियाने पीएच पाचाच्या आसपास आणा आणि ८० अंशांवर तासभर ठेवा. सायट्रेट कणांच्या पृष्ठभागाला धरून बसतं. ॲसिडचा हल्ला ते थांबवत नाही, लांबवतं. पण त्याहून मोठा फायदा म्हणजे कण सुटे राहतात. इतके सुटे, की नंतर चुंबकाने लवकर बसत नाहीत. तेव्हा घाबरू नका, बरोबरीने ॲसिटोन घाला, बसतात. धुतल्यावर त्यांना वाळवू मात्र नका. एकदा वाळलेली पूड कितीही सोनिकेट केली (ध्वनिलहरींनी हलवली) तरी मूळच्या कणांत सुटत नाही. पाण्यातच ठेवा आणि ५ मिली वजन केलेल्या बाटलीत वाळवून घनपदार्थ किती ते काढा. समजा ०.११५ ग्रॅम आलं, तर तुमची स्लरी, म्हणजे पाण्यातले कण, २३ मिलिग्रॅम प्रति मिली. पुढचं माप या आकड्यावरून.

इथे टक्केवारीबद्दल थांबून बोलायला हवं, कारण तुमच्या प्रश्नात ‘२० टक्के’ आहे पण कशाचे ते नाही. ॲनिलिनच्या वजनाचे की तयार पुडीचे? १.८६ ग्रॅम ॲनिलिनवर २० टक्के म्हणजे ०.३७ ग्रॅम कण. पण तेवढ्या ॲनिलिनपासून क्लोराइड डोपिंगचं (ॲसिड जोडून वाहक केलेलं) पॉलिमर पूर्ण उताऱ्याने २.१८ ग्रॅमपर्यंत होतं, म्हणजे अंतिम पुडीत कण १५ टक्क्यांहूनही थोडे कमीच. मोठ्या रेणूचं सल्फोनिक ॲसिड वापरलं तर डोपंटचं वजन वाढून टक्का आणखी खाली. आणि हे सगळं एकही कण विरघळला नाही असं धरून. म्हणून भांड्यात किती घातलं ते ‘घातलेलं प्रमाण’ म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा, नमुन्याचं नाव त्यावरून ठेवू नका. एक, दोन, तीन अशी नावं ठेवा, टक्का मोजल्यावर ठरेल.

आता पॉलिमर. ॲनिलिन डिस्टिल केलेलंच हवं, झिंक पावडर टाकून, कमी दाबावर. बाटलीतलं चहाच्या रंगाचं ॲनिलिन वापरलं तर साखळ्या आखूड होतात. हातमोजे नायट्राइलचे, काम फ्यूमहूडमध्ये. ॲनिलिन कातडीतून अंगात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं. १.८२ मिली ॲनिलिन म्हणजे २० मिलीमोल. त्याला बरोबरीचं, २० मिलीमोल, पॅरा-टोल्युईन सल्फोनिक ॲसिड मोनोहायड्रेट, ३.८० ग्रॅम, ५० मिली पाण्यात. आधी ॲनिलिनचं मीठ पूर्ण विरघळू द्या, बर्फात थंड करा, मगच मोजलेली स्लरी घाला आणि बर्फातच वीस मिनिटं सोनिकेट करा. क्रम उलटा केला, म्हणजे नुसत्या ॲसिडमध्ये कण टाकून मग ॲनिलिन शोधायला गेलात, तर सुरुवातीलाच नुकसान. परसल्फेट ५.७१ ग्रॅम ३० मिली थंड पाण्यात विरघळवून अर्ध्या तासात थेंबथेंब. एकास सव्वा हे ॲनिलिन-परसल्फेटचं प्रचलित प्रमाण. कणांसाठी मी कधी एकास एकवर येतो, ४.५६ ग्रॅम, उतारा कमी येतो, पण शेवटी न वापरलेला परसल्फेट कणांच्या मागे लागत नाही. साधा बर्फ पुरतो, लादीवाल्याकडून आणून मीठ टाका, आणि भांड्यात थर्मामीटर कायम ठेवा.

तो थर्मामीटर सजावटीचा नाही. सुरुवातीला काही मिनिटं तापमान हलत नाही, मग निळी झाक येते, तापमान चढतं, हिरवं होतं, आणि कमाल गाठून उतरायला लागतं. उतरायला लागलं की पॉलिमर झालेलं असतं. तिथून फार तर अर्धा तास, आणि गाळा. बर्फात साधारण दीड ते तीन तासांत हे आटोपतं. ‘रात्रभर’ हा शब्द बहुतेक पेपरांत असतो, कारण नुसत्या पॉलिॲनिलिनला रात्रभराने काही बिघडत नाही. तुमच्या कणांना बिघडतं.

धुताना आणखी एक नुकसान होतं, आणि तुमची वाहकता शंभर पटींनी पडायचं मोठं कारण मला तेच वाटतं. भरपूर साध्या पाण्याने धुतलं की डोपंट हळूहळू निघून जातो, पूड हिरवीगार न राहता निळसर पडते. ०.०२ मोलर पॅरा-टोल्युईन सल्फोनिकच्या पाण्याने दोनदा झटपट धुवा, मग इथेनॉलने खालचा द्रव रंगहीन होईपर्यंत. व्हॅक्युम ओव्हनमध्ये ५० अंशांवर चोवीस तास. आणि पहिला फिल्ट्रेट (गाळून खाली आलेला द्रव) फेकू नका. त्यात थायोसायनेटचा थेंब टाकून रंग वहीत नोंदवा. जांभळट आखूड तुकड्यांमुळे रंग लपतो, म्हणून दहापट पातळ करून बघा.

हे सगळं करूनही काही कण जाणारच. ते परवडत नसतील तर वाट बदला, आणि कोणती घ्यायची हे तुम्हाला कंपोझिट कशासाठी हवंय त्यावर अवलंबून. कणांवर टीइओएसने (सिलिका देणाऱ्या रसायनाने) सिलिकाचा थर दिला तर ॲसिडपासून चांगलं संरक्षण मिळतं, पण प्रति ग्रॅम चुंबकन घटतं आणि टीजीएच्या (तापवत वजन मोजण्याच्या चाचणीच्या) अवशेषात सिलिकाही मिसळतो, तो वेगळा मोजून वजा करावा लागतो. पाण्यातला रंग शोषून चुंबकाने काढून घेणं एवढाच उद्देश असेल तर हे उत्तम. मायक्रोवेव्ह अडवणं हा उद्देश असेल तर मी मॅग्नेटाइटचा हट्टच सोडेन. उच्च तापमानाला भाजलेलं कोबाल्ट फेराइट किंवा बेरियम हेक्साफेराइट ॲसिडमध्ये पुष्कळ टिकून राहतं. आणखी एक वाट सगळ्यात साधी: पॉलिॲनिलिन वेगळं करून, अमोनियाने बेस रूपात आणून, एनएमपी या द्रावकात विरघळवून त्यात कण मिसळायचे, फिल्म ओतायची, शेवटी सौम्य डोपिंग. इथे प्रमाण तुमच्या हातात राहतं. लोक याला कमी लेखतात, ‘नुसतं मिश्रण’ म्हणून. मला ते पटत नाही. घातलेले कण शेवटपर्यंत आत राहतात, ही काही लहान गोष्ट नाही.

आता तपासण्या. त्यांतल्या दोनच तुमच्या प्रश्नाचा निकाल लावतात, टीजीए आणि व्हीएसएम, तेही एकत्र वाचले तर. बाकीच्या आधी झटपट सांगतो.

एक्सआरडीत मॅग्नेटाइटची टोकं कॉपर के-अल्फाला ३०.१, ३५.५, ४३.१, ५३.५, ५७.० आणि ६२.६ अंशांवर. पॉलिॲनिलिनचे फुगवटे २० आणि २५ अंशांजवळ. कॉपरच्या किरणांनी लोखंड स्वतःच चमकतं, त्यामुळे पार्श्वभूमी उचलली जाते आणि बारीक टोकं बुडतात. ऑपरेटरला आधीच सांगा की नमुन्यात लोखंड आहे, डिटेक्टरची मर्यादा बदलता येते किंवा मोनोक्रोमेटर लावता येतो. स्कॅन सावकाश घ्या. ३५.५ च्या टोकाची अर्ध्या उंचीवरची रुंदी यंत्राची वजा करून ०.८५ अंश आली, तर शेररच्या सूत्राने कणाचा आकार ९.८ नॅनोमीटर; रुंदी रेडियनमध्ये घ्यायला विसरू नका. मॅग्नेटाइट की मॅगेमाइट हे मात्र एवढ्या रुंद टोकांवरून ठरत नाही. जाळीचं माप ८.३९६ की ८.३५ अँगस्ट्रॉम हा फरक तिथे हरवतो. ठरवायचंच असेल तर मॉसबाउअर स्पेक्ट्रोस्कोपी.

एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपटात) १५७० आणि १४९० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचे दोन पट्टे, १३००, १२४०, ११३० आणि ८१०, हे पॉलिॲनिलिनचे. ५८० च्या जवळचा लोखंड-ऑक्सिजनचा. पहिल्या दोघांची उंची साधारण सारखी असेल तर ऑक्सिडेशन बरोबर जागी थांबलंय. ११३० चा पट्टा रुंद आणि भरदार असेल तर डोपिंग शाबूत. एसइएममध्ये (पृष्ठभाग दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) गुठळ्या दिसतील, त्याने काही सिद्ध होत नाही. त्याला जोडलेल्या इडीएसमधला (मूलद्रव्यं ओळखणाऱ्या साधनातला) लोखंडाचा नकाशा मात्र घ्या. टीइएम (कणांच्या आरपार पाहणारा सूक्ष्मदर्शक) मिळालं तर शंभर-दोनशे कण मोजा, एक सुंदर फोटो पुरत नाही.

टीजीए हवेत करा, नायट्रोजनमध्ये नको. नायट्रोजनमध्ये पॉलिमरचा कोळसा मागे उरतो आणि वरच्या तापमानाला तोच कोळसा आयर्न ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो. आलेखावर दिसणाऱ्या त्या घटीचा अर्थ लावता लावता माणूस दमतो. हवेत ८०० अंशांपर्यंत पॉलिमर पूर्ण जळतं आणि लोखंड सगळं फेरिक ऑक्साइड होऊन उरतं. मॅग्नेटाइटचं फेरिक ऑक्साइड होताना वजन ३.४६ टक्के वाढतं, म्हणून अवशेषाला १.०३४६ ने भागा. भागताना सुरुवातीचं वजन धरू नका, १२० अंशांवरचं धरा. पॉलिॲनिलिन सहज पाच टक्के पाणी बाळगून असतं, आपल्याकडच्या जुलैत त्याहूनही जास्त. समजा कोरड्या वजनावर अवशेष १७.२ टक्के आला. भागून १६.६ टक्के मॅग्नेटाइट.

मग व्हीएसएम. त्याच बॅचचे नुसते कण, वाळवलेले, आणि कंपोझिट, दोन्ही पाठवा. नुसत्या कणांचंही टीजीए करून सायट्रेटचं वजन वजा करा. समजा ऑक्साइडच्या वजनावर ५८ इएमयू प्रति ग्रॅम आलं. मोठ्या दाण्याच्या ९२ पेक्षा हे कमी असणं १० नॅनोमीटरला साहजिक आहे. मग कंपोझिटमध्ये अपेक्षा ५८ च्या १६.६ टक्के, म्हणजे ९.६. प्रत्यक्ष ८.१ मिळालं तर ८४ टक्के चुंबकन वाचलं.

हे गुणोत्तर माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रकल्पातला सगळ्यात बोलका आकडा. कारण टीजीए लोखंड मोजतं, चुंबकीय असो वा नसो. विरघळून पॉलिमरमध्ये अडकलेलं लोखंडाचं मीठही जळून फेरिक ऑक्साइडच होतं. व्हीएसएमला मात्र ते जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे गुणोत्तर ८० टक्क्यांच्या वर असेल तर घट ऑक्सिडेशनने झाली असं म्हणायला जागा आहे; मॅगेमाइटकडे पूर्ण वळलं तरी घट ढोबळमानाने तेवढीच होते. ५० टक्क्यांवर आलं तर मीठ अडकलंय, धुणं कमी पडलंय किंवा कणांच्या बाहेरच्या थरातली चुंबकीय शिस्त बिघडली आहे. तुमच्या सध्याच्या तीन नमुन्यांचं हवेतलं टीजीए एवढं आधी करून बघा. अवशेष तिन्हींत दोन-तीन टक्केच आला तर कण पाण्यातून गेले. अवशेष वाढत जाणारा, पण चुंबकन सपाट, असं निघालं तर लोखंड आत आहे पण मेलेलं.

व्हीएसएमला देताना पूड कॅप्सूलमध्ये टेफ्लॉन टेपने घट्ट दाबा, सैल कण क्षेत्राबरोबर वळतात आणि लूप वाकडा येतो. स्टीलचा स्पॅच्युला घासून वापरू नका. एवढ्या कमी चुंबकनात लोखंडाचा एक कणही दिसतो. आणि १० नॅनोमीटरच्या कणांना खोलीच्या तापमानाला पाच-दहा ओर्स्टेड कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) दिसली तर आनंदून जाऊ नका, इलेक्ट्रोमॅग्नेटमध्ये उरलेलं क्षेत्रही तेवढं असू शकतं. दोन्ही बाजू सारख्या सरकल्यात का ते पाहा.

वाहकतेत सगळ्यात जास्त फसगत सूत्रात होते. फोर-प्रोबचं (चार टोकं टेकवून वाहकता मोजण्याच्या पद्धतीचं) ४.५३ हे गुणक अमर्याद पसरलेल्या पातळ थरासाठी आहे. तुमची गोळी १० मिलिमीटर व्यासाची आणि टोकांमधलं अंतर २ मिलिमीटर असेल तर गुणक ३.३६. म्हणजे ४.५३ धरून काढलेली वाहकता खऱ्यापेक्षा पाऊणपटीच्या खाली येते. गोळीची जाडी १ मिलिमीटरच्या आत ठेवा, त्याला साधारण १०० मिलिग्रॅम पूड लागते, आणि सगळ्या गोळ्यांना एकच दाब, एकच वेळ. करंट दोन्ही दिशांनी घ्या आणि इतका कमी ठेवा की गोळी तापणार नाही. साधारण प्रमाणित पद्धतीने केलेल्या नुसत्या पॉलिॲनिलिनची वाहकता ४ सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास येते. तुमचं शुद्ध पॉलिमर ०.१ देत असेल तर दोष कणांत शोधू नका, पॉलिमरच कच्चं आहे. कण घातल्यावर वाहकता घटणं स्वाभाविक, ती वाढली तर आधी ओल तपासा. दमट हवेत पॉलिॲनिलिन जास्त वाहतं. खानापूर-जांबोटीच्या बाजूचा पाऊस खिडकीबाहेर कोसळत असताना घेतलेलं माप आणि फेब्रुवारीतलं माप एका तक्त्यात शेजारी ठेवता येत नाही. गोळ्या सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये दोन दिवस ठेवून एकाच दुपारी सगळ्या मोजा आणि आर्द्रता लिहून ठेवा.

सोबत तीन तुलनेचे नमुने हवेतच. कणांशिवाय पॉलिॲनिलिन, त्याच ॲसिडने आणि त्याच धुण्याने. ॲनिलिनशिवाय कण, त्याच ॲसिड-परसल्फेटमध्ये तेवढाच वेळ. आणि टीजीएतून आलेल्या टक्क्याने खलात घोटलेलं साधं मिश्रण. परीक्षकाने ‘हे कंपोझिट आहे की मिश्रण’ असं विचारलं तर उत्तर या तिसऱ्या नमुन्यात असतं. दोघांचे आलेख तंतोतंत सारखे आले तर मिश्रण म्हणा, त्यात कमीपणा नाही.

नमुने धारवाडला, कोल्हापूरला किंवा मुंबई-चेन्नईला पाठवणार असाल तर गोळ्या पाठवू नका, एस.टी.च्या धक्क्यांनी भुगा होतो. पूड झाकणाच्या काचेच्या बाटलीत, झाकणावर पॅराफिल्म, बाहेर सिलिका जेलची पुडी. बाटलीवर बॅच क्रमांक, तारीख आणि वाळवण्याचं तापमान. वाहकता जमली तर इथेच मोजा, तिला प्रवास मानवत नाही.

जुने तीन नमुने टाकू नका. नव्या पद्धतीची एकच बॅच आधी लावा, मधल्या प्रमाणाची, आणि फिल्ट्रेटचा रंग, टीजीएचा अवशेष आणि चुंबकनाचं गुणोत्तर हे तिन्ही जुन्या २० टक्क्यांच्या शेजारी मांडून तुमच्या सरांना दाखवा. आकडे आले की इथेच लिहा. विशेषतः हवेतल्या टीजीएचा अवशेष, बाकीचं त्यावरून सांगता येईल.